आधी अर्ज, मग पॅनल

छतावर सौर पॅनल बसवून देणारा विक्रेता जे कोटेशन हातात ठेवतो, त्यावर बहुतेक वेळा तीन ओळी असतात. एकूण खर्च, सरकारी सबसिडी, आणि सबसिडी वजा जाता तुमचा खर्च. तिसरी ओळ ठळक छापलेली असते आणि घरातली सगळी चर्चा तिच्यावरच होते. विक्रेत्याला पैसे मात्र पहिल्या ओळीचे द्यावे लागतात. मधल्या ओळीतली रक्कम सरकारकडून यायची असते, तीही काम पूर्ण झाल्यावर, तपासणी झाल्यावर, ग्राहकाच्या बँक खात्यात. ती येणार की नाही, हे बहुतांशी काम सुरू होण्याआधीच ठरलेले असते. वीजबिलावर नाव कोणाचे आहे, मीटर कोणत्या वर्गातला आहे, छतावर हक्क कोणाचा आहे, पॅनलमधले सेल कुठे तयार झाले आहेत, बसवणारा नोंदणीकृत आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असते. पॅनल एकदा छतावर चढली की यातले काहीच सहजी बदलता येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, कोटेशन मागवण्याच्या आधी पात्रता तपासावी आणि ती स्वतः, स्वतःच्या कागदांवरून तपासावी. निवृत्तीच्या पैशातून दीड-दोन लाख काढणाऱ्या माणसाला सबसिडीचे अठ्ठ्याहत्तर हजार ही किरकोळ रक्कम नसते. ती एका नावाच्या घोळामुळे अडकून पडावी हे मला फार खटकते, कारण तो घोळ आधी निस्तरणे सोपे असते.

मुळात मिळते काय ते पाहू. ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये मंजूर केले. एक कोटी घरांच्या छतांवर सौरयंत्रणा बसवायची आणि हे काम २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत करायचे, असे उद्दिष्ट ठेवले गेले. महाराष्ट्रातल्या घरासाठी हिशेब असा आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, त्यापुढे काही नाही. म्हणजे एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीनला किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,०००. हे आकडे आले कुठून तेही समजून घेण्यासारखे आहे. सरकारने पहिल्या दोन किलोवॉटसाठी किलोवॉटमागे ५०,००० रुपये हा प्रमाण खर्च धरला आणि त्याच्या ६० टक्के रक्कम देऊ केली. तिसऱ्या किलोवॉटसाठी ४५,००० धरले आणि त्याच्या ४० टक्के देऊ केले. प्रत्यक्ष किंमत याहून जास्त असली तरी अनुदान तेवढेच राहते. महागडे कोटेशन स्वीकारले म्हणून जास्त सबसिडी मिळेल, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

‘तीनशे युनिट मोफत’ या प्रचाराने एक गैरसमज घट्ट केला आहे, तो इथेच दूर केलेला बरा. सरकार कोणाच्या बिलातून तीनशे युनिट माफ करत नाही. तुमच्या छतावर महिन्याला साधारण तेवढी वीज तयार झाली आणि घराचा वापरही तेवढाच असला, तर वापरलेल्या विजेचा आकार शून्याजवळ येतो. स्थिर आकार तरीही भरावा लागतो. ‘शून्य बिल’ हे शब्द कोटेशनवर दिसले, तर स्थिर आकाराचे काय, एवढे विचारावे.

आता दुसरी अडचण. ओळखीच्या ज्याने आधी पॅनल बसवली, त्याचा अनुभव आपण प्रमाण मानतो, आणि तो अनुभव बहुधा वेगळ्या नियमांखालचा असतो. केंद्राच्या छतावरील सौर कार्यक्रमाच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात तीन किलोवॉटपर्यंत खर्चाच्या ४० टक्के आणि तीन ते दहा किलोवॉटदरम्यानच्या भागावर २० टक्के अनुदान होते. पुढे टक्केवारी जाऊन ठरावीक रक्कम आली. किलोवॉटमागे १४,५८८ रुपये, मग जानेवारी २०२४ मध्ये १८,००० आणि लगेच पुढच्या महिन्यात नवी योजना. पैसे मिळण्याची वाटही बदलली. पूर्वी विक्रेता अनुदान वजा करूनच ग्राहकाकडून पैसे घेई आणि अनुदान त्याला वीज कंपनीमार्फत मिळे. ३० जुलै २०२२ रोजी राष्ट्रीय पोर्टल सुरू झाल्यावर अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात जाऊ लागले. शेजारच्या काकांनी २०२१ मध्ये वजावट होऊनच पैसे भरले होते, हे अगदी खरे असेल. पण त्यांच्या आधारावर आज कोणी व्यवहार केला, तर पूर्ण रकमेची सोय नसताना काम सुरू होते आणि मधल्या काळात ओढाताण होते.

पूर्ण रक्कम हाताशी नसेल तर तीन किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी तारणाशिवाय कर्जाची सोय या योजनेतच आहे. त्याचे व्याज रेपो दराला जोडलेले, त्यापेक्षा अर्धा टक्का जास्त, असे ठरवलेले आहे. कर्ज घेतल्यास अनुदान बचत खात्यात येणार की कर्जखात्यात वळते होणार, हे बँकेकडून सुरुवातीलाच लिहून घ्यावे.

पात्रतेची तपासणी वीजबिलापासून सुरू होते आणि नावापाशीच बहुतेक वेळा अडते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बिल अजून आजोबांच्या नावावर येते. आजोबा जाऊन पंधरा वर्षे झालेली असतात, पण बिल वेळेवर भरले जाते, वीज चालू असते, म्हणून कोणाला नाव बदलण्याची गरज वाटलेली नसते. पोर्टलवर अर्ज करताना ग्राहक क्रमांक टाकला की वीज कंपनीच्या नोंदीतले नाव आपोआप येते. महावितरणचा हा क्रमांक बारा आकडी असतो आणि बिलावर ठळक छापलेला असतो. अर्ज, बँक खाते आणि वीजजोडणी एकाच व्यक्तीच्या नावावर हवी. मृत व्यक्तीच्या नावाने अर्ज करून चालत नाही, आणि वडिलांच्या नावावरच्या जोडणीचे अनुदान मुलाच्या खात्यातही जात नाही. नावबदलाचा अर्ज वीज कंपनीकडे आधी करावा लागतो. त्यासाठी शहरात मिळकत पत्रिका किंवा खरेदीखताची सूची क्रमांक दोन, गावात ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि वारसा असेल तर इतर वारसांची संमती, असे कागद जमवावे लागतात. चार भाऊ चार गावी असले की संमतीलाच महिना जातो. हा महिना कोटेशनच्या आधी घालवलेला बरा. विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर तोच महिना फार जड जातो.

नाव बरोबर असूनही स्पेलिंग जुळत नाही, हा याच दुखण्याचा धाकटा प्रकार. बिलावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. बँकेत वडिलांचे नाव पूर्ण, बिलावर नुसते आद्याक्षर. आधार, बिल आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहावे. फरक दिसला तर तो कोणत्या कागदावर दुरुस्त करणे सर्वांत सोपे आहे ते ठरवावे. थकबाकी असेल तर तीही आधी भरून टाकावी.

त्याच बिलावर जोडणीचा वर्ग लिहिलेला असतो. ही योजना निवासी जोडणीसाठी आहे. खाली दुकान आणि वर घर, समोरच्या खोलीत दवाखाना आणि मागे बिऱ्हाड, अशी घरे आपल्या गावांत आणि पेठांत सर्रास असतात. तिथे दोन मीटर असतील तर घरगुती मीटरवरच अर्ज करावा. एकच मीटर आणि तोही व्यावसायिक असेल तर अनुदान नाही. बिलावरचा मंजूर भारही याच वेळी बघून ठेवावा. पूर्वी मंजूर भारापेक्षा मोठी यंत्रणा बसवायची म्हणजे आधी भारवाढीचा अर्ज, त्याची फी, त्याची वाट पाहणे असे सगळे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्कांचे नियम बदलले. आता दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला वेगळा तांत्रिक व्यवहार्यता अभ्यास लागत नाही. अर्ज मान्य झाल्याचे धरले जाते आणि भारवाढ लागली तर ती त्यातच केली जाते. पाच किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी वीज वितरणाच्या जाळ्यात काही सुधारणा करावी लागली, तर तिचा खर्च वितरण कंपनीने करायचा आहे. हा नियम माहीत असला की ‘ट्रान्सफॉर्मरसाठी’ म्हणून मागितलेल्या पैशांना नाही म्हणता येते.

छताचा प्रश्न स्वतंत्र बंगल्यात सोपा आणि इमारतीत अवघड. छत अर्जदाराच्या हक्काचे आणि पॅनल बसवण्याजोगे हवे, ही योजनेची मूळ अट आहे. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या आसपास, सावली नसलेली जागा लागते. सावली नसलेली, हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची किंवा शेजारच्या मजल्याची सावली दुपारी एका पॅनलवर पडली, तर एकाच साखळीत जोडलेल्या बाकीच्या पॅनलचे उत्पादनही घटू शकते. कोकणात आणि गोव्यात माडाची सावली आणि उतरते कौलारू छप्पर या दोन्ही गोष्टी आधी पाहाव्या लागतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत सांगाडा कोणत्या धातूचा आहे, हेही विचारावे लागते. अनुदान मिळाले पण छत अपुरे होते, तर अनुदानाने वीज वाढत नाही.

सदनिकाधारकाचे छत सोसायटीचे असते. तिथे सोसायटीने स्वतः अर्ज करणे हा सरळ मार्ग आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, वाहन चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी गृहनिर्माण संस्थेला किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. मर्यादा घरटी तीन किलोवॉट आणि एकूण ५०० किलोवॉट इतकी आहे. यातली एक बारीक अट सोसायटीच्या सभेत सहसा कोणी मांडत नाही. रहिवाशांनी वैयक्तिक पातळीवर बसवलेल्या यंत्रणा त्याच कमाल मर्यादेत मोजल्या जातात. म्हणून वरच्या मजल्यावरच्या दोघांनी गच्चीचा आपापला कोपरा धरण्यापूर्वी सर्वसाधारण सभेने ठराव करून एकत्र नियोजन करावे. गच्चीवरून झालेले वाद वर्षानुवर्षे टिकतात.

यापुढचा मुद्दा सर्वांत जास्त फसवणुकीचा आहे. अनुदानासाठी पॅनल भारतात तयार झालेली हवीत, आणि त्यातले सेलही भारतातच तयार झालेले हवेत. या अटीला बाजारात ‘डीसीआर’ म्हणतात आणि विक्रेत्याशी बोलताना हाच शब्द वापरावा. पॅनल म्हणजे काचेखाली मांडून जोडलेल्या सेलचा संच. आयात केलेले सेल इथल्या कारखान्यात जोडून पॅनल तयार करता येते. अशा पॅनलवर भारतीय कंपनीचे नाव असते, ते सरकारच्या मंजूर उत्पादकांच्या यादीतही असू शकते, दिसायलाही तेच असते. पण ते डीसीआर नसते आणि त्याला अनुदान मिळत नाही. डीसीआर पॅनल महाग पडतात, म्हणून कोटेशन स्वस्त दिसावे यासाठी दुसरी पॅनल सुचवली जातात आणि त्याच कोटेशनवर सबसिडीची ओळही छापलेली असते. या दोन गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत. कोटेशनवर पॅनलची कंपनी, मॉडेल, एका पॅनलचे वॉट आणि ‘डीसीआर’ असा स्पष्ट उल्लेख मागावा. पॅनल घरी आली की छतावर चढवण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागचा अनुक्रमांक उतरवून किंवा फोटो काढून ठेवावा आणि डीसीआर प्रमाणपत्रातल्या क्रमांकांशी ताडावा. पॅनल सांगाड्यावर घट्ट झाल्यावर मागची बाजू दिसत नाही.

कोटेशनमधली क्षमता वाचण्यातही एक मेख आहे. अनुदान पॅनलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी असेल तिच्यावर मोजले जाते. समजा ५४० वॉटची पाच पॅनल आणि तीन किलोवॉटचा इन्व्हर्टर आहे. कागदावर ‘तीन किलोवॉट सिस्टिम’ लिहिलेले असेल, पण पॅनलची बेरीज २.७ किलोवॉट होते. अनुदान ६०,००० अधिक ०.७ किलोवॉटचे १२,६००, म्हणजे ७२,६०० रुपये. सहावे पॅनल बसले तर बेरीज ३.२४ होते आणि ७८,००० मिळतात. उलट, पॅनल सव्वातीन किलोवॉटची आणि इन्व्हर्टर अडीचचा असेल, तर हिशेब अडीचवरच होतो. गुणाकार अगदी साधा आहे. पॅनलची संख्या, एकाचे वॉट आणि इन्व्हर्टरची क्षमता हे तीन आकडे विचारले की तो घरच्या घरी करता येतो. बॅटरी घेतली तर तिच्यासाठी या योजनेत वेगळे पैसे नाहीत.

विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर आपल्या वितरण कंपनीसाठी नोंदलेला हवा. त्याचे नाव त्या यादीत स्वतः शोधावे. माहितीपत्रकावरच्या बोधचिन्हावर विसंबू नये. नातेवाइकाच्या ओळखीचा, हुशार, प्रामाणिक इलेक्ट्रिशियन उत्तम काम करील, पण तो नोंदणीकृत नसेल तर अनुदान मिळणार नाही. ग्राहक आणि विक्रेता यांच्यात करार होतो आणि पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक असते. या देखभालीत पॅनल धुणे येते का, इन्व्हर्टर बिघडला तर किती दिवसांत माणूस येईल, हे करारात लिहून घ्यावे. ‘सबसिडी मिळाली नाही तर जबाबदारी कोणाची’ हे वाक्यही त्या करारात असावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. पात्रतेचे कागद ग्राहकाने बरोबर दिले असतील आणि पॅनलच्या किंवा इन्व्हर्टरच्या दोषामुळे अनुदान नाकारले गेले, तर ती रक्कम विक्रेत्याने सोसावी. चांगला विक्रेता हे लिहून देतो. टाळाटाळ करणारा टाळाटाळ का करतो आहे, याचा विचार पैसे देण्याच्या आधी करता येतो.

अर्जाचा क्रम असा की आधी पोर्टलवर नोंदणी आणि अर्ज, मग मान्यता, मग विक्रेत्याची निवड आणि काम, मग घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा नेट मीटर, वितरण कंपनीची तपासणी आणि कार्यान्वयनाचा दाखला. सर्वांत शेवटी बँकेचा तपशील देऊन अनुदानाची मागणी. नोंदणी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून करावी. ‘आम्हीच सगळे करून देतो’ म्हणणारे अनेकदा स्वतःचा क्रमांक टाकतात आणि मग अर्ज कुठे अडकला आहे, हे ग्राहकाला दिसतच नाही. सरकारी पोर्टलचा पत्ता ‘पीएम सूर्यघर डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. तो समाजमाध्यमावर आलेल्या दुव्यावरून न उघडता स्वतः टाइप करावा. मदतीसाठी १५५५५ हा क्रमांक आहे. गोव्यात वितरण कंपनीच्या जागी राज्याचे वीज खाते असते. मुंबईत महावितरणबरोबरच बेस्ट, टाटा आणि अदानी यांचे ग्राहक आहेत, त्यामुळे अर्ज भरताना आपली कंपनी कोणती ते बिलावरून पाहून निवडावी.

आता क्षमतेचा प्रश्न. माझ्या मते तो पात्रतेइतकाच आधी सोडवायचा असतो, कारण अनुदानाच्या रचनेतच त्याचे उत्तर दडलेले आहे. महाराष्ट्रात एक किलोवॉट यंत्रणा दिवसाला सरासरी चार युनिट देते, महिन्याला सुमारे १२०. जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. सरकारची सर्वसाधारण शिफारस अशी आहे की महिन्याला दीडशे युनिटपर्यंत वापर असेल तर एक ते दोन किलोवॉट, दीडशे ते तीनशे असेल तर दोन ते तीन किलोवॉट, आणि त्यापुढे तीनहून अधिक. विक्रेता मात्र छत दिसले की मोठी यंत्रणा सुचवतो. तिथे लक्षात ठेवायचे ते हे की तिसऱ्या किलोवॉटला कमी पैसे मिळतात आणि चौथ्याला मुळीच मिळत नाहीत. चौथा किलोवॉट पूर्ण स्वतःच्या खिशातून येतो.

म्हणून आधी घरातला वापर कमी करून पाहावा. साधा छताचा पंखा पूर्ण वेगाने चालताना ७५ वॉटच्या आसपास वीज खातो. ‘बीएलडीसी’ मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. घरात चार पंखे रोज बारा तास फिरत असतील, तर जुने पंखे महिन्याला सुमारे १०८ युनिट घेतात आणि नवे ४३. साधारण ६५ युनिटांची बचत झाली, म्हणजे अर्ध्याहून थोड्या अधिक किलोवॉटची वीज. असा पंखा तीन हजारांच्या आसपास मिळतो, चारांचे बारा हजार होतात. साडेतीन किलोवॉटचा विचार करणाऱ्या घराने पंखे बदलले तर तीन किलोवॉट पुरतात, आणि वाचलेला अर्धा किलोवॉट नेमका विनाअनुदानाचा असतो. सरकारच्याच प्रमाण खर्चाने तो मोजला तरी बावीस हजारांहून महाग पडतो. हाच विचार जुन्या फ्रिजला आणि गिझरलाही लागू आहे. एलईडी दिवे बहुतेक घरांत आधीच आले आहेत. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने ते काम केले. पंख्यांचे काम मात्र बहुतेक घरांत बाकी आहे.

उलट बाजूनेही बघावे. पुढच्या वर्षी विजेवर चालणारी स्कूटर घ्यायची आहे, आई-वडिलांच्या खोलीत एसी बसवायचा आहे, असे असेल तर तो वापर आजच धरावा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यातून पूर्ण वर्षाची सरासरी काढावी, एकट्या मे महिन्याच्या बिलावरून क्षमता ठरवू नये. कारण नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज पुढच्या महिन्यांत वळती होते, पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपताना जी शिल्लक उरते तिचे पैसे फार कमी दराने मिळतात. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून वीज विकण्याचा धंदा घरगुती ग्राहकाला परवडत नाही.

वापर फारच कमी असलेल्या घरांचे गणित वेगळे आहे. महाराष्ट्रात वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतो आणि पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा सर्वांत स्वस्त असतो. त्यामुळे शंभरच्या आत वापर असलेल्या घराला सौरविजेने होणारी बचतही कमी असते आणि घातलेले पैसे वसूल व्हायला जास्त वर्षे लागतात. याच घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’ म्हणजे ‘स्मार्ट’ योजना आणली. एक किलोवॉटच्या यंत्रणेला केंद्राचे ३०,००० असतातच. त्यावर दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला राज्याकडून १७,५०० रुपये मिळतात. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या इतरांना १०,०००, आणि त्यांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,०००. म्हणजे पन्नास हजारांचा प्रमाण खर्च धरला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वतःचे साधारण अडीच हजारच घालावे लागतात. धुणीभांडी करणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या घरांपर्यंत ही माहिती नीट पोहोचलेली नाही. आपल्या ओळखीत असे घर असेल तर त्यांचे बिल हातात घेऊन वापर बघून द्यावा आणि अर्जही भरून द्यावा. या योजनेचा सर्वांत चांगला उपयोग तिथे होतो.

पात्रता तपासून उत्तर ‘नाही’ असे आले, तर काय करावे, हाही प्रश्न उरतो. व्यावसायिक मीटरवाल्या दुकानदाराला किंवा दवाखानेवाल्या डॉक्टरला कधीकधी सल्ला मिळतो की मीटर घरगुती दाखवा आणि सबसिडी घ्या. हा सल्ला मुळीच ऐकू नये. घरगुती जोडणीवर धंदा चालवणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो आणि तसा ठरल्यास त्याची आकारणी दुप्पट दराने होते. तसे करण्याची गरजही नाही. व्यावसायिक दर घरगुतीपेक्षा चढा असतो, त्यामुळे छतावर तयार झालेले प्रत्येक युनिट दुकानदाराला घरापेक्षा जास्त पैसे वाचवून देते. शिवाय धंद्यासाठी बसवलेल्या सौरयंत्रणेवर आयकरात वर्षाला ४० टक्के दराने घसारा धरता येतो. दुकानाचे वर्षभराचे बिल, विक्रेत्याचा दर आणि घसारा हे तिन्ही घेऊन करसल्लागाराकडे तासभर बसले, तर अनुदानाशिवायही पाच-सहा वर्षांच्या आत खर्च निघतो का, हे कागदावर स्पष्ट दिसते. निघत असेल तर सूर्यघरच्या पोर्टलवर वेळ घालवण्याऐवजी सरळ वितरण कंपनीकडे नेट मीटरचा अर्ज करावा.